खडपावर घालायचे बूट

मालवणच्या चपलांच्या दुकानात कामाला लागून मला आठवडाच झाला होता. मी लातूरकडचा, सातवीत शाळा सोडलेला. मालक कधीही घालवतील अशी धास्ती होती. तेव्हा एक म्हातारे गृहस्थ आले. काखेत मासे गरवायची, गळ लावलेली काठी. प्रत्येक बुटाचा तळ अंगठ्याच्या नखाने दाबून बघत होते.

"खडपार उभो रवान मासे गरवतंय. पाणी मांडयेपर्यंत येता. तू खंयचे घेतले असतंस?"

खडप म्हणजे समुद्रातला खडक, एवढं मला कळलं होतं. मालकांनी महागडे गमबूट पुढे सरकवले. गावाकडे कालव्यात उतरलो तेव्हा माझे असेच पाण्याने भरले होते, पाय उचलेना.

घाबरतच म्हणालो, "हे नकोत, पाणी भरतं. खाचांच्या तळाचे कापडी घ्या. कडेला दाभणाने भोकं पाडून देतो, पाणी निघून जाईल."

मालकांनी डोळे वटारले. म्हातारे हसले.

"खंयचो रे तू?"

"लातूरकडचा."

"थंय समुद्र नाय, तरी पाणी कळता तुका."

दोन दिवसांनी ते तेच कापडी बूट घालून ओले ठसे उमटवत पायरी चढले. हातात भलीमोठी तांबोशी मासळी. पाय उचलून बुटाच्या भोकांतून गळणारं पाणी मालकांना दाखवलं.

आता गरवायला जाणारं गिऱ्हाईक आलं की मालकच म्हणतात, "आमच्या लातूरकराक इचारा."