मालकाला विचारून

आमच्या घणसोली गावात, माझ्या घरामागच्या खोलीत भाड्याने राहतो तो सायकलवाला. सुट्टी लागली की सायकलला तंबू बांधून घाटावर नाहीतर कोकणात जातो आणि कुणाच्या तरी शेतात झोपतो. घर असताना असं का झोपतो, ते मी विचारलं नाही.

त्याचा नेम मात्र पक्का. मालकाला विचारल्याशिवाय खुंटी ठोकायची नाही.

निघायच्या आधी तो आमच्या भाताच्या खाचरात तंबू लावून बघतो. जमीन सरकारने कधीच घेतली, वर पत्र्याचा बोर्डही आहे. तरी दरवेळी दारात येऊन विचारतो, "काका, टाकू का तंबू तुमच्या शेतात?"

मी म्हणतो, "टाक. पन बांध सोडून."

बांध आता राहिलेला नाही. तरी तो बांध सोडूनच टाकतो. एकदा माझं डोकं दुखत होतं म्हणून "आज नाय" म्हटलं, तर तंबू लावून न बघताच घाटावर गेला.

परवा मी तिथं कडेला बसलो असताना नवीन वॉचमन आला. "कुणाला विचारून ठोकलं हे? बोर्ड वाचता येत नाही का?"

"वाचला ना," सायकलवाला म्हणाला. "मालकाला विचारलंय. हे काय, इथंच बसलेत."

वॉचमनने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि तंबू काढायला लावला. सायकलवाल्याने घडी घातली आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"काका, पुढच्या शनिवारी टाकू का?"

वॉचमन ऐकत होता. मी लगेच हो म्हटलं नाही. जमिनीचा विषय असला की माणसाने विचार करूनच बोलावं.