कुड्यांची साक्ष

सायबर ठाण्यातली ती सकाळ अजून डोळ्यांपुढून हलत नाही. एक निवृत्त एसटी वाहक आपल्या शिक्षिका मुलीला घेऊन आले होते. तिच्या नावाने कुणीतरी सोशल मीडियावर बनावट खाते उघडून फोटो, मोबाईल नंबर आणि गलिच्छ मजकूर टाकला होता. दिवसभर नको ते फोन येत. ठरत आलेले लग्न मोडले, मुलीने शाळेत जाणे सोडले.

"साहेब, पोरीचं खातंच नाय कुठं. फोटू गेला कसा?" वडील रडकुंडीला आले होते.

फोटो स्टुडिओतला होता, लग्नाच्या बायोडाटासाठी काढलेला. त्यात पत्ता, नंबर, जन्मवेळ, सगळेच.

"कुणाकुणाला पाठवलात?"

"तिघांलाच. समदे घरचेच मध्यस्थ. वैजापूरचे, लासूर स्टेशनचे अन् पाचोडचे."

मी कपाळाला हात लावला. खाते कुणाचे हे विचारायला सोशल मीडिया कंपनीला पत्र धाडले, पण उत्तर लवकर येणार नव्हते. तेव्हा मुलगी बोलली, "मी नवे तीन फोटो काढते. साडी एकच, कानातलं निराळं. तिघांला एकेक जाऊ द्या."

एवढ्या वर्षांच्या नोकरीत असा सापळा मला कधी सुचला नव्हता!

फोटो गेल्यावर चौथ्या दिवशी बनावट खात्यावर नवा फोटो आला. कानात मोत्याच्या कुड्या. तो फोटो फक्त पाचोडला गेला होता.

मध्यस्थ चौकशीला आले ते पांढऱ्याशुभ्र कपड्यांत. "मी तर लोकांच्या लेकी उजवतो, साहेब!" मी तिन्ही फोटो टेबलावर मांडले आणि कुड्यांवर बोट ठेवले. पंचांसमक्ष मोबाईल जप्त केला, खाते त्यातच निघाले.

"माझ्या पुतण्याला नाय म्हणली व्हती ती," ते पुटपुटले.

खाते बंद झाले, गुन्हा दाखल झाला. मुलगी ताठ मानेने शाळेत गेली, आणि ठाण्यात आम्ही पेढे वाटले. पुढे ते लग्न मोडणारी मुलाकडची मंडळी 'गैरसमज झाला' म्हणत परत आली. वडील विरघळले, मुलगी नाही. "त्यांनी मला एका शब्दानं इचारलं नाय," म्हणून तिने नकार कळवला.

घराला कुलूप लावून आपण दोनदा ओढून बघतो, आणि लेकीची जन्मवेळ मात्र मागेल त्याला पाठवतो. आजही माझ्या मोबाईलवर असे बायोडाटा येतात. मी ते पुढे पाठवत नाही. मुलीच्या वडिलांना फोन लावतो आणि आधी विचारतो, "पोरीला विचारलं होतं का?"