मायाताईंच्या लॅपटॉपचा उजेड

कोपरीच्या हौशी नाट्यमंडळात नायक आजारी पडला तर बदली नायक उभा राही. मायाताई आजारी पडल्या तर प्रयोगच पुढे ढकलावा लागे. विंगेत एका मिणमिणत्या दिव्याखाली संहिता धरून त्या बसायच्या. कुठला नट कुठे अडखळणार हे त्यांना त्याच्या श्वासावरून कळायचं. अशी प्रॉम्प्टर! आणि तिच्याच डोळ्यांपुढे हल्ली अंधारून येत होतं.

मंडळाचं नवं नाटक त्या घरी लॅपटॉपवर टाइप करत होत्या. अक्षरं एकाएकी फिकी दिसू लागली. त्यांनी ती मोठी केली, चष्मा पुसला, खिडकी लावून घेतली. भाची अमृताने नुकतंच जुन्या लॅपटॉपवर लिनक्स ही नवी सिस्टिम घालून दिली होती. यंत्र तर ताजंतवानं झालं होतं, म्हणजे बिघाड आपल्यातच, असं त्यांनी धरलं. त्यांच्या आईचे डोळे काचबिंदूने गेले होते. एकदा ती आठवण मनात शिरल्यावर तांदळातले खडेही त्यांना दिसेनासे झाले. दिग्दर्शक राजरत्नला सांगायला हवं होतं, की विंगेत दुसरं कोणी बसव. तो फोन त्या रोज उद्यावर टाकत होत्या.

एका सकाळी धोंडिबा चहा घेऊन आले. त्यांचे यजमान, सगळी हयात रंगमंचावरची प्रकाशयोजना सांभाळण्यात गेलेली.

"नाक लावून काय बघतेस? मुंगी हरवली का?"

"अहो," मायाताई म्हणाल्या, "मला दिसेनासं होतंय."

धोंडिबांनी कप खाली ठेवला. ट्यूब बंद केली आणि आपला पालथा पंजा पडद्यासमोर धरला. नाटकातही ते असंच करत. दिव्याकडे पाहायचं नाही, हातावर किती उजेड पडतो ते पाहायचं.

"तुझे डोळे शाबूत आहेत. दिवाच खाली आलाय."

माझी समजूत काढू नका, म्हणाल्या त्या. मग धोंडिबांनी त्यांचाच हात पडद्यासमोर धरला आणि सूर्याचं चित्र असलेलं बटण दाबत गेले. बोटं उजळली, शिरा उमटल्या, बांगडी चमकली. पडद्यावरची वाक्यं नटांसारखी रांगेत उभी राहिली. मायाताईंनी त्या दिवशी अख्खा अंक टाइप केला.

दुसऱ्या सकाळी पुन्हा तोच अंधार. आता मात्र त्यांनी शीळफाट्याला अमृताला फोन लावला, स्पीकरवर. तिने सेटिंगमध्ये एकेक गोष्ट पाहायला लावली: आपोआप उजेड कमी करणारी सोय, बॅटरी वाचवणारी सोय, चार्जरची पिन. सगळं जागच्या जागी.

"मामी, संध्याकाळी लॅपटॉप बंद कोण करतं?"

"तुझे मामा. मी तेव्हा विहारात असते, वंदनेला."

"मामा, बंद करताना उजेड उतरवता का?"

"उतरवणारच," धोंडिबा म्हणाले. "प्रयोग संपला की कोणी फटकन दिवे मालवतं का? बंद व्हायच्या आधी तो मिनिटभर थांबतो. तेवढ्यात मी सावकाश खाली आणतो."

पलीकडे अमृता हसत सुटली. मग तिने समजावलं. आधीची सिस्टिम दर वेळी पूर्ण उजेडात उघडायची. ही मात्र बंद होताना उजेड कुठे ठेवला होता ते लक्षात ठेवते आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच सुरू होते.

धोंडिबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. मायाताई हसल्या, हसता हसता डोळ्यांना पदर लावला.

"विंगेत जन्मभर मला अंधारात बसवलंत, तेवढ्याने भागलं नाही होय?"

उद्यापासून हात लावणार नाही, असं धोंडिबा पुटपुटले. त्यावर मायाताईंनी मान हलवली. चाळीस वर्षांची सवय अशी तोडायची नाही. उजेड खुशाल उतरवा, फक्त जाता जाता परत वर चढवून ठेवा.

आईच्या आठवणीने त्यांनी डोळेही तपासून घेतले. डॉक्टरांनी चष्म्याचा नंबरसुद्धा बदलला नाही.

त्या संध्याकाळी मायाताई विहारातून जरा लवकर परतल्या आणि दारातच थांबल्या. धोंडिबा एका लयीत पडदा काळोखात नेत होते. क्षणभर थांबून तेवढ्याच सावकाश त्यांनी तो पूर्ण उजळला, आणि मग यंत्र विझलं. मायाताईंनी तिथूनच राजरत्नला फोन लावला.

"जयभीम रे. तालीम कधी? विंगेत माझी खुर्ची ठेव."