दुर्वालिनाचं मीठ

दुर्वालिनाच्या हाताला चव आहे हे मोरेतिस गावात तिच्या नणंदेलाही मान्य होतं, आणि ओतीलिया सहजासहजी काही मान्य करणारी बाई नव्हे. कार्निव्हलमध्ये नाचून दमलेल्या गल्लीला बारेआदो, म्हणजे रात्रभर शिजवलेलं मांसाचं कालवण, खाऊ घालायचा मान वर्षानुवर्षं दुर्वालिनाचा. पण यंदा ती तापातून उठली ती जिभेची चव गमावूनच. हे फक्त मला, तिच्या शेजारणीला, ठाऊक. ओतीलियाला कळलं तर ती पळी हिसकावून घेईल, ही दुर्वालिनाला धास्ती.

मडक्यात गोमांस, डुकराची खारवलेली चरबी, जिरं, तमालपत्र घालायचं, झाकणाच्या कडेला कसाव्याच्या पिठाची कणीक लिंपायची आणि दुसऱ्या दिवसापर्यंत मंद आचेवर ठेवायचं. मध्ये वाफ गेली की मांसाचे धागे सुटत नाहीत. तिनं लिंपून पुरं केलं आणि मटकन खाली बसली.

"अगं, मी मीठ घातलं का गं?"

"मला काय विचारतेस? मी कांदे चिरत रडत होते."

"की दोनदा घातलं?"

"उघडून बघू?"

"आणि वाफ गेली तर? सगळंच गेलं मग!"

खारट झालं तर तिची चारचौघांत शोभा होणार, या विचारानं मलाही घास गोड लागेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी लिंपण फोडलं. रीतीप्रमाणे तिनं ताटलीत कसाव्याचं पीठ घेतलं, त्यावर कढत रस्सा ओतून घोटलं आणि ओतीलियाच्या नवऱ्याच्या टकलावर ताटली पालथी धरली.

"पडलं तर टोपी समज, आमिल्कार!" कुणीतरी ओरडलं.

कणही पडला नाही, म्हणजे घोटलेलं नीट जमलं. टाळ्या वाजल्या. दुर्वालिना मात्र नणंदेच्या तोंडाकडे बघत होती.

ओतीलियानं घास घेतला. कपाळाला आठ्या पडल्या.

"वहिनी, राग मानू नकोस, पण मीठ कमी आहे."

"कमी? नक्की कमी?"

"कमीच! त्या चरबीनं काय ती लाज राखलीय."

दुर्वालिनानं तिला मिठीच मारली. जन्मभर खुसपटं काढणाऱ्या नणंदेचे तिनं दोन्ही गालांचे मुके घेतले. माझा जीव भांड्यात पडला. मिठाची वाटी फिरली आणि लोक बोटं चाटायला लागले.

सुटल्याच्या आनंदात तिनं सगळं सांगूनच टाकलं. "मला चवच लागत नाही गं, ओतीलिया. तापापासून."

"आणि मला बोलली नाहीस?"

"तू पळी घेतली असतीस."

"घेऊन काय करू? मला कुठे जमतंय हे!" ओतीलिया रागानंच म्हणाली. मग डोळे पुसत तिनं ताटली पुढे केली. "पुढच्या वर्षी मीठ मी घालीन. बाकी सगळं तू. वाढ आता."