चार नंबरचं घड्याळ

आमच्या प्रयोगशाळेत कुणाचं उत्तर चुकलेलं मी आठ वर्षांत पाहिलं नव्हतं.

जयपूरला, जगतपुऱ्यातल्या एका खाजगी कॉलेजात मी फिजिक्सच्या लॅबमध्ये अटेंडंट आहे. सामान काढायचं, मांडायचं, पुसून परत कपाटात ठेवायचं. पहिल्या वर्षाची मुलं सुरुवातीला लोलकाचा प्रयोग करतात. दोऱ्याला टांगलेला गोळा झुलवायचा, वीस झोके मोजायचे, वेळ बघायची आणि त्यावरून पृथ्वी वस्तूला किती जोराने ओढते तो आकडा काढायचा. आकडा ९.८ यावा लागतो, आणि येतोच. कारण मुलं तो आधी वहीत लिहितात आणि झोके नंतर मोजतात. काहीजण मोजतही नाहीत.

त्यामुळे चार नंबरचं घड्याळ पुढे पळतं याचा कुणाला त्रास नव्हता. दहा टेबलं, दहा किल्लीची स्टॉपवॉच. दर सोमवारी मी एकेकाला किल्ली देऊन भिंतीवरच्या घड्याळाशी लावून बघते. हे मला कुणी सांगितलेलं नाही, माझा स्वभाव घाबरा आहे एवढंच. चार नंबरचं पाच मिनिटांत सहा सेकंद पुढे जातं. सरांना सांगितलं तर म्हणाले, "बघू. कुणाचं काही बिघडतंय का?" बिघडत कुणाचंच नव्हतं. मग मी माझ्या मुलाच्या स्वेटरची उरलेली लाल लोकर त्याच्या कडीला बांधून ठेवली. (इथलं सगळं बोलणं हिंदीत असतं, मी ते घरच्या भाषेत सांगतेय. थोडं इकडेतिकडे होईल.)

सर म्हणजे आमचे विभागप्रमुख. त्यांचे माझ्यावर उपकार आहेत. मी जळगावकडची. नववीत होते तेव्हा आईचं ऑपरेशन झालं आणि घर बघायला म्हणून मी शाळा सोडली. आई दोन महिन्यांत बरी झाली, शाळेचं मात्र राहून गेलं ते गेलंच. नवरा रेल्वेत, त्याची बदली झाली म्हणून इकडे आलो. या कामाला दहावी पास लागत होती. अर्ज सरांनीच भरला. शिक्षण विचारलं तेव्हा मी खालमानेने "नववी" म्हटलं. त्यांनी पेन जरासं थांबवलं आणि म्हणाले, "गणित सोपं व्हावं म्हणून आम्ही ९.८ लासुद्धा दहाच धरतो. राउंड ऑफ." आणि दहावी लिहून टाकलं. दाखला कुणी मागितला नाही. पण दर वर्षी कॉन्ट्रॅक्ट वाढवायची वेळ आली की मला घास गोड लागत नाही. सर नुसतं "फॉर्म पाठवला" म्हणतात तेव्हा त्यांच्या पाया पडावंसं वाटतं.

या वर्षी जयपूर आणि आजूबाजूच्या शहरांतल्या बी.एस्सी.च्या मुलांची फिजिक्सची परिषद आमच्याकडे भरली. दारावर बॅनर लागला, त्यावर इंग्रजीत लिहिलं होतं त्याचा अर्थ अचूक मापन असा होता म्हणे. भाषणं होती, पोस्टर होती आणि दुसऱ्या दिवशी प्रयोगाची स्पर्धा, विषय लोलकच. अर्ध्या जोड्या सकाळी, अर्ध्या दुपारी.

आदल्या दिवशी सर लॅब बघायला आले. चार नंबरचा धागा दिसल्यावर थांबले. "हे काय? दृष्ट लागू नये म्हणून बांधलंय? पाहुणे येणार आहेत, काढा."

"सर, हे पुढे पळतं."

"हो हो, माहितीये. काढा."

मी लोकर सोडून पर्समध्ये ठेवली. फार वाईट वाटलं नाही. येणारी मुलंही शिकलेलीच होती, ९.८ त्यांनाही पाठ असणार. माझा त्यांच्यावर पूर्ण भरवसा होता.

सकाळी तो खरा ठरला. चार नंबरच्या टेबलावर आमच्याच कॉलेजची दोन मुलं होती. त्यांचं उत्तर आलं ९.८१. सरांनी ते स्वतःच्या हाताने फळ्यावर सगळ्यात वर लिहिलं, आणि जेवताना माझ्या ताटात एक लाडू जास्त टाकून म्हणाले, "तुमचीही मेहनत आहे हो." मी तो लाडू खाल्ला.

दुपारी बरीचशी मुलं आमेरचा किल्ला बघायला गेली. अचूक मापनावरचं भाषण पुढच्या दोन रांगांनी ऐकलं, त्यातली एक रांग आम्हा कर्मचाऱ्यांची होती. स्पर्धेच्या जोड्या तेवढ्या थांबल्या. चार नंबरवर एक मुलगी आणि तिच्या वर्गातला एक मुलगा आला. माझ्या हातून गोळा निसटला, तोंडातून "अगं बाई" निघालं, तशी मुलगी वळली.

"काकू, तुम्ही मराठी? आम्ही पण. पप्पा बँकमध्ये आहे. वैशाली नगर राहतो आम्ही."

परमुलखात काकू ऐकलं की माझं काही चालत नाही. ती नको म्हणत असताना मी तिला पाण्याची बाटली आणून दिली. घड्याळाचं मात्र बोलले नाही.

तिने झोके मोजले. खरोखर मोजले, ओठ हलवत, वीसपर्यंत. मग पुन्हा. मग दोरा लहान करून पुन्हा. मी कपाटाशी उभी राहून बघत होते. त्या घड्याळावर खरं मोजलं तर ९.८ येणार नव्हतं.

"लिही ना ९.८," मुलगा म्हणाला. "सगळ्यांनी तेच लिहिलंय."

"येत नाही तर कसं लिहू?"

"येत कुणाचंच नाही, यार."

परीक्षक बाहेरून आलेले एक निवृत्त प्राध्यापक होते. हळू चालायचे, प्रत्येक वही डोळ्यांजवळ धरून वाचायचे. तिची वही वाचून म्हणाले, "९.४. कुठे चुकलात?"

"माहीत नाही सर. तीनदा केलं. असंच येतंय."

सर शेजारी होते. हसून म्हणाले, "घाई झाली असेल. मुलांना मोजायला आवडत नाही हल्ली." मुलीने मान खाली घातली. मग मोडक्या मराठीत, फक्त मला कळेल असं म्हणाली, "काकू, मी घाई नाही केली."

आता काय होतं ते सांगते. मी बोलले तर तिची चूक पुसली जाणार होती. पण सकाळी त्याच टेबलावर, त्याच घड्याळावर आमच्या मुलांना ९.८१ कसं आलं, हा प्रश्न त्याच क्षणी उभा राहणार होता. फळ्यावर सरांचं अक्षर होतं, अर्जावरही सरांचंच. आणि माझा फॉर्म पुढच्या सोमवारी जायचा होता.

मी पाच नंबरचं घड्याळ उचललं, चार नंबरशेजारी ठेवलं. "सर, दोन्ही एकदम लावून बघा," एवढंच म्हणाले.

परीक्षकांनी दोन्ही एकदम दाबली. पाच मिनिटं फार लांब असतात. सगळे वाकून बघत होते आणि मी सरांच्या बुटांकडे बघत होते. पाच मिनिटं झाली. चार नंबर सहा सेकंद पुढे होतं.

परीक्षकांनी आमंत्रणपत्रिकेच्या पाठीमागे काहीतरी मांडलं. "घड्याळ वेळ जास्त दाखवतं म्हणून आकडा कमी आला. ते दुरुस्त धरलं तर हिचं उत्तर बरोबर ९.८ येतं," ते म्हणाले. मग फळ्याकडे पाहिलं. "सकाळी इथे कोण होतं?"

आमची दोन मुलं दारापाशी उभी होती, ती चहाला गेली. परीक्षकांनी पुन्हा विचारलं नाही. डस्टर घेतलं आणि वरची ओळ पुसली.

पहिलं बक्षीस त्या मुलीच्या जोडीला मिळालं. ९.८ लिही म्हणणाऱ्या मुलाने ढाल दोन्ही हातांनी धरून फोटो काढला. सरांनी टाळ्या वाजवल्या आणि आभार मानले: पाहुण्यांचे, आचाऱ्यांचे, माइकवाल्याचे, बसच्या ड्रायव्हरचे. त्या यादीत मी एरवी असते.

सोमवारी सरांनी बोलावलं. टेबलावर माझा फॉर्म होता, कोरा.

"हे मला आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं होतं सर. दोनदा."

त्यांनी फॉर्म माझ्याकडे सरकवला, वर पेन ठेवलं. "या वेळी तुम्ही भरा."

नाव लिहिलं, पत्ता लिहिला. शिक्षणाच्या रकान्यापाशी थांबले. सर खिडकीतून बाहेर बघत होते. मी लिहिलं: नववी, अपूर्ण. अक्षर जरा वाकडं आलं.

त्यांनी वाचलं. फॉर्म उलटून मागची बाजू बघितली, तिथे काही नव्हतं. मग सही केली आणि शेरा लिहिला, "आठ वर्षांचं काम समाधानकारक."

"वर काय म्हणतील ते माझ्या हातात नाही," ते म्हणाले.

"हो सर."

"आणि तो धागा बांधून टाका."

फॉर्म वर जाऊन तीन आठवडे झाले. अजून काही आलेलं नाही. घास गोड लागत नाही तो नाहीच, पण या वेळी दाखला मागतील अशी भीती नाही, कारण नसलेला दाखला कुणी कशाला मागेल. सोमवारी मी दहाही घड्याळांना किल्ली देते. चार नंबर अजून सहाच सेकंद पुढे आहे.