काजळी

अन्सेल्म एकतीस वर्षं नगारे वाजवत होता. आल्टनरोडेच्या राजाची रविवारची मिरवणूक निघाली की पांढऱ्या घोड्यावर, डोक्याला तुरेवालं पागोटं आणि खोगिराच्या दोन्ही अंगांना नगारे, असा तो सर्वांत पुढे. गिनीच्या किनाऱ्यावरून आणला तेव्हा तो सात वर्षांचा होता. आईचा चेहरा त्याला आठवत नसे. आठवून बघणंही त्याने केव्हाच सोडलं होतं.

आता मनगटं आखडली होती. जागा मुलाला, लेब्रेख्टला, मिळाली तर राजवाड्यामागचं घर राहणार होतं. नाहीतर वसंतात खाली करायचं.

दरबारचे कारभारी हाल्सडोर्फ यांनी लेब्रेख्टचं वाजवणं पाठमोरं उभं राहून ऐकलं.

"वा! म्हाताऱ्यापेक्षा हात हलका आहे." मग ते वळले. "पण अरे अन्सेल्म, हा तर भाजलेल्या पावासारखा दिसतो! पाहुणे विचारतील, तुमचा हबशी कुठे गेला?"

"याची आई इथली आहे, साहेब. सुताराची मुलगी."

"ते मला कशाला सांगतोस? काजळी फास. आणि रविवारी दरबारात शिकाऊपणातून मोकळा कर त्याला."

रविवारी सकाळी बायकोने, ओटिलिएने, चुलीतली काजळी चरबीत कालवली, वाटी नवऱ्यापुढे ठेवली आणि ती परसात निघून गेली. अन्सेल्मने कपाळापासून सुरुवात केली. नगाऱ्याच्या कातड्याला तेल चोळावं तशी, नीट.

"बाबा, आता तुमच्यासारखा दिसतोय का?"

"तोंड हलवू नकोस."

"तुम्हाला काहीच वाटत नाही?"

अन्सेल्मने जरा विचार केला. "कानामागे राहिलंय," तो म्हणाला.

वादकांची रीत जुनी होती. शिक्षण संपलं की उस्ताद शिष्याला सर्वांदेखत एक थप्पड मारतो आणि मग त्याच्या कमरेला तलवार बांधतो. अन्सेल्मने थप्पड मारली. लेब्रेख्टच्या गालावरची काजळी निघाली आणि पाच बोटं फिकी उमटली.

"हबशाचा रंग उडाला की रे!" मागून कुणीतरी ओरडलं. दरबारात हशा पिकला. हाल्सडोर्फसुद्धा रुमालाआड हसले.

"ही माझी सोसलीस," अन्सेल्मने ठरलेलं वाक्य म्हटलं. "यापुढे कुणाचीही सोसू नकोस." आवाज जराही कापला नाही. त्याने तलवार बांधली.

घर राहिलं. घरी आल्यावर ओटिलिएने पाण्याचं तसराळं पुढे केलं, तेव्हा अन्सेल्म आपल्या तळहाताकडे बघत होता. तळपाय सोडले तर सबंध अंगात तेवढेच दोन तळहात जन्मापासून फिके होते. त्यातला एक आज काळा झाला होता.

"धुवा की."

"पुढच्या रविवारी परत लागेलच," तो म्हणाला आणि त्याने हात पाण्यात घातला.