डाव्या बाजूची ढोलकी

माझ्या हातांना थांबणं माहीत नाही. कुकरची वाफ जायच्या आत मी झाकण ओढून पाहते, बस पुरती थांबायच्या आत पायरीवर उतरते. यवतमाळला कॉलेजच्या प्रयोगशाळेत वायरी, मीटर सांभाळण्यात माझी सगळी नोकरी सरली, आणि तिथंही मुलांचं जोडून व्हायच्या आत माझा हात मधे जायचा. "बापावर गेली," असं माझी माय म्हणते, आणि ते ती कौतुकानं म्हणत नाही.

त्या रविवारी मी सकाळच्या एसटीनं दिग्रसला आले, ती मांडीवर ॲम्प्लिफायर आणि पायाशी दोन स्पीकर घेऊन. कंडक्टरनं दोनदा विचारलं, लग्न कोणाचं आहे म्हणून. लग्न नव्हतं. माय फोनवर म्हणाली होती, "कान चालले माये, बाई. एकडाव ते रेकॉर्ड मले नीट आयकव. मंग बंद पडले तरी चालन."

बाबा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते आणि उरलेल्या वेळात एका गायन पार्टीत ढोलकी वाजवायचे. ती पार्टी एकदा मुंबईला गेली आणि जयंतीच्या गाण्यांची रेकॉर्ड करून आली. कव्हरवर गायकाचा फोटो, त्याचं नाव, आणि खाली बारीक अक्षरांत 'आणि पार्टी'. बाबा त्या पार्टीत होते, निदान ते तसं सांगायचे. पण रेकॉर्ड लावली की आवाज खणखणीत यायचा, पेटी यायची, आणि ढोलकी मात्र शेजारच्या गावात वाजत असल्यासारखी. समोरच्या घरातली काकू दर जयंतीला सगळ्या बायांसमोर मायला विचारायची, "काहून वं, तुया घरवाल्याची ढोलकी मुंबईलेच राह्यली काय?" बाया हसायच्या. मायही हसायची. बाबा म्हणायचे, "हाये ना. ध्यान देऊन आयका."

बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली. काकू अजून आहे, रोज दारात बसते.

फोन ठेवता ठेवता माय म्हणाली, "नसन वाजवली तर नसन वाजवली. पण मले तरी खरं सांगाले पायजे होतं." नवरा आपल्याशी खोटं बोलला, ही शंका तिनं अख्खा संसार कोणाला न सांगता बाळगली होती. ती ऐकल्यापासून मला काही सुचेना.

पलंगाखालून बाबांचा रेकॉर्ड प्लेअर काढला. झाकण पिवळं पडलेलं, रबरी पट्टा सैल. पट्टा मी नवा आणला होता, तो चढवला. रेकॉर्ड पुसून सुई ठेवली. उजव्या स्पीकरमधून गाणं आलं, अगदी जयंतीसारखं. डावा मुका.

मी डाव्याला एक चापट मारली. प्रयोगशाळेत कोणी असं केलं असतं तर त्याला मी बाहेर काढलं असतं. मग कव्हरवर 'स्टीरिओ' लिहिलेलं दिसलं. या रेकॉर्डमध्ये दोन आवाज आहेत, डावा वेगळा आणि उजवा वेगळा. आमच्या घरानं आजवर एकच ऐकला होता. बाबांची ढोलकी असली तर ती त्या न ऐकलेल्या बाजूला. आणि तिथंही नसली तर मग कुठंच नाही.

"काय झालं?" माय.

"काही नाही. जेवण कर तू."

"तू उभ्या उभ्याच कायले काम करून राह्यली? बस ना."

बसले नाही. स्पीकरच्या वायरी एकमेकींच्या जागी लावल्या, तर आता डावा गायला लागला आणि उजवा गप्प झाला. म्हणजे दोन्ही स्पीकर चांगले. त्या परत जागेवर लावल्या आणि प्लेअरकडून ॲम्प्लिफायरमध्ये जाणाऱ्या दोन पिना अदलाबदल केल्या. पुन्हा मुकेपणा बाजू बदलून बसला. म्हणजे ॲम्प्लिफायरही चांगला. दोष प्लेअरच्याच पोटात. पिना खोडरबरानं घासल्या, वायर वाकवून पाहिली, हलवून पाहिली, शिव्या दिल्या. घड्याळ पाहिलं, परतीच्या बसचा हिशेब केला, पुन्हा घड्याळ पाहिलं. खरं सांगायचं तर मला ते दुरुस्त व्हायची भीती वाटायला लागली होती. नादुरुस्त होतं तोवर बाबा खोटे ठरत नव्हते.

शेवटी राहिलं पुढचं डोकं, जिथं सुई बसते ते. ते मी आधीच पाहायला हवं होतं. काढून खिडकीत उजेडाला धरलं. आत केसासारख्या चार तारा असतात, चार रंगांच्या. लाल, हिरवी, निळी जागेवर होत्या. डाव्या बाजूची पांढरी नव्हती. ती मागे दुमडून, टोकाला निळा दोरा गुंडाळून, बारीक गाठ मारून ठेवलेली होती.

तुटली नव्हती. कोणीतरी काढून ठेवली होती.

मायनं दोरा पाहिला, बोटानं चाचपला. "हा तं माया शिलाईच्या डब्यातला होय."

मग तिला आठवलं. रेकॉर्ड नवी आली त्या वर्षीची जयंती. वस्तीत दोन भोंगे लागले, एक विहारावर आणि दुसरा रस्त्याकडच्या टोकाला. मंडपवाल्याकडं आवाज वाढवायच्या दोन मशिनी होत्या, त्यानं प्लेअरची एक पिन एकीत खुपसली, दुसरी दुसरीत. विहाराकडच्यांना गाणं मिळालं. रस्त्याकडच्यांना नुसती ढोलकी.

"लोकं चालून आले ना घरावर. आमाले काय ढमढमच आयकाचं काय, म्हने, शब्द कोठी हायेत? मले वाटलं, भोंगाच बिघडला. या काकूचाच नवरा सगळ्याईच्या पुढं होता. मंग तुये बाबा बसले माया केसातला आकडा घेऊन, हे खोलत. मी सयपाकात होती. काय केलं ते मले काय माईत? पण मंग दोन्हीकडं गानं आलं आन् लोकं निवले."

मी खाली बसले. पहिल्यांदा, त्या दिवसात. त्यांनी डावी बाजूच काढून टाकली होती, म्हणजे पुन्हा कोणी चुकून ती भोंग्याला लावू नये. उजव्या बाजूच्या एकाच मशिनीवर दोन्ही भोंगे चालवले, त्या वर्षी आणि पुढं दरवर्षी. दोन्ही बाजूंच्या तारा एकत्र पिळून जोडल्या असत्या तर दोन्ही भोंग्यांतून दोन्ही आलं असतं, शब्दही आणि ढोलकीही. शाळेतलं पोरगं करेल एवढं साधं काम. ते बाबांना माहीत नव्हतं. त्यांना एवढंच कळलं की एक काहीतरी ठेवता येईल, आणि लोकांना शब्द हवेत. मला इतका राग आला की रडू फुटलं. कोणावर राग, ते सांगता येणार नाही.

"जोड आता," माय म्हणाली.

भुवयांचा चिमटा काढला. दोरा सोडवला. हात नेहमीप्रमाणे पुढं धावला आणि तार ताणली गेली. मायनं माझं मनगट धरलं. "हळू. घाईनं तोडशीन." तिनं धरून ठेवलं तसंच मी ते काम केलं, तिच्या हाताच्या वेगानं. तार पिनेवर बसली.

सुई ठेवली. डाव्या स्पीकरमधून ढोलकी उसळून बाहेर आली. आणि काय ती घाई! गाणाऱ्याची ओळ संपायच्या आत पुढच्या ओळीत शिरायची, त्याला मागून ढकलत न्यायची, आणि तो बिचारा धावत गाठायचा. मायनं पुढं सरकून स्पीकरवर तळवा ठेवला. डोळे मिटले.

"हेच हायेत," ती म्हणाली. "पाह्य कसे पळून राह्यले. घरीबी असेच. गानारा नेहमीच मांग राहे यायच्या." मग स्पीकरलाच म्हणाली, "तोंडानं सांगता येत नव्हतं काय हो?"

बाजू संपली. मी बसकडं जायचं विसरले होते आणि मायनं आठवण केली नाही. ती उठली, डोक्यावर पदर घेतला आणि डाव्या स्पीकरकडं बोट दाखवलं.

"हा डब्बा दारात ठेव. तोंड तिकडं कर."

"आणि दुसरा?"

"त्याचा आवाज बंद कर."

वायर जेमतेम पुरली. उंबऱ्यावर स्पीकर, त्याचं तोंड गल्लीकडं, आणि शेजारी माय. मी उजवी पिन उपसली, सुई पुन्हा सुरुवातीला ठेवली आणि आवाजाचं बटण पार शेवटापर्यंत फिरवलं. गल्लीत ढोलकी सुटली, एकटी, पुढं पुढं पळणारी. कुत्रं उठून उभं राहिलं. समोर काकू दारात आली, कानामागं हात धरून.

"काहून वं? गानं कोठी हाये? नुसती ढोलकीच वाजून राह्यली."

"गानं लय वर्स आयकलं तुमी," माय म्हणाली. "आता हे आयका."